टोपली उघडा, मामा

हुहाना तेवीस वर्षं धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत लोकांच्या पिशव्या उपसते आहे. समोरच्या बेटावर उंदीर नाही, मांजर नाही. म्हणून तिथे तिएके पक्षी अजून आहेत. पोटात पिल्लं असलेली एक उंदरीण उतरली, तर सगळं संपेल. हे ती रोज सांगते आणि पाहुणे रोज तिचा फोटो काढतात.

"बुटाच्या शिवणीत बी अडकलंय. घासा."

"मॅडम, बूट नवे आहेत."

"बी नाही विचारत. घासा."

मी तिचा चुलतभाऊ, बोट चालवतो. तिची कुरकुर माझ्या इंजिनासारखी. थांबली तरच दचकायला होतं.

त्या सकाळी चौदा पाहुण्यांबरोबर पारातेने मामा होते. बेटावर स्वागताचं भाषण तेच करतात. त्यांच्या हातात गवताच्या पात्यांची विणलेली टोपली, वर फडकं बांधलेलं.

"उघडा, मामा."

"माझी टोपली? तुझी दुपटी बदललीत मी."

"उघडा."

"यात माझी टोपी आहे."

हुहानाचा हात मागे आला. डोक्यावर घालायच्या वस्तूला आमच्यात दुसरा कोणी हात लावत नाही, आणि तिच्याशेजारी खाणं तर कोणी ठेवतच नाही. खाणं नाही म्हणजे उंदीर नाही. तिने मामांना सोडलं आणि नेहमीसारखी आमच्याबरोबर बोटीत बसली.

अर्ध्या वाटेत एक फ्रेंच बाई म्हणाली, "आजोबा, तुमची टोपली हलते आहे."

हुहाना माझ्याकडे वळली. "रेवी, बोट फिरव."

"वाऱ्याने हलली असेल," मामा म्हणाले.

"फिरव!"

पाहुणे कुरकुरले. बेट समोर होतं, हिरवं, अगदी जवळ. मी बोट वळवली. हुहाना टोपलीला हात न लावता, फडक्याची गाठ मुठीत घट्ट धरून धक्का येईपर्यंत बसून राहिली.

पत्र्याच्या खोलीत दार लावून मामांनी टोपली उलटी केली. अर्धा पाव पडला, मग राखाडी उंदीर. हुहानाने त्याच्यावर बादली पालथी घातली.

"टोपी कुठाय?"

"घरी राहिली."

"खोटं बोललात? टोपीच्या नावाने?"

"तुमच्या त्या पाहुण्यांच्या जेवणाने माझं पोट बिघडतं गं. म्हणून घरचा पाव घेतला."

तिने मामांकडे पाठ फिरवली आणि पहिली पिशवी पुढे ओढली. मला बोटीवर ऐकलेलं सगळं ओरडणं त्यापेक्षा बरं वाटलं.

सगळ्यांच्या पिशव्या पुन्हा उपसून होईपर्यंत भरती ओसरली. आता बोट निघणार नव्हती. पाहुणे रुसून कठड्याला टेकले. तेव्हा मामा काठी घेऊन उभे राहिले आणि तिथेच, धक्क्यावर, स्वागताचं भाषण करू लागले. पूर्वज, डोंगर, समुद्र. एकही नाव गाळलं नाही. स्वतःच्या चुकीचं नाव तेवढं घेतलं नाही.

भाषण संपलं. भाषणामागे आपल्या माणसांनी उभं राहून गायचं असतं. नाहीतर ते उघडं पडतं, आणि बोलणाराही. मामा हुहानाकडे बघत नव्हते. काठी टेकून ते तसेच उभे राहिले.

"म्हातारा कटकट्या," ती पुटपुटली. मग खोलीच्या दारातूनच, बादलीवर एक पाय दाबून ठेवून, तिने गाणं उचललं. मीही उभा राहिलो.