मालगुजाराच्या भाषणासाठी पाच स्पीकर

प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःचा आवाज नीट ऐकण्याचा हक्क आहे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या घरात हे मत मांडायला थोडी अडचण होते, कारण माझ्या बाबांचा आवाज त्यांच्याखेरीज सगळ्यांना नीट ऐकू येतो. कान गेलेला माणूस मोठ्याने बोलतो. भाजीत मीठ कमी आहे असे बाबा म्हणाले, की चंद्रपुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाचा गिरणीवालाही मान हलवतो.

त्यांचे कान घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत गेले. ‘गेले’ हे क्रियापद मला मान्य नाही. कान आपण होऊन कुठे जात नाहीत. बाबा तीस वर्षे सुरुंगासाठी खडकात भोके पाडणाऱ्या मशीनवर होते. दर काही वर्षांनी वैद्यकीय तपासणी होई. डॉक्टर फाइलीवरून नजर न काढता ओरडून विचारी, “ऐकू येते का?” बाबा त्याच्या ओठांकडे बघत आणि म्हणत, “येते जी.” मग कागदावर श्रवणशक्ती सामान्य असल्याचा शिक्का पडे. नाही म्हटले असते तर हलक्या कामावर टाकले असते. हलके काम म्हणजे हलका पगार, आणि घरात शिकणारी दोन मुले होती, त्यांतली एक मी. निवृत्तीनंतर कळले, की ज्याची श्रवणशक्ती कागदावर सामान्य आहे त्याला बहिरेपणाची भरपाई मिळत नाही. हे मला अजून शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

कानाचे मशीन आम्ही घेतले आहे. ते चष्म्याच्या डबीत राहते. “त्यातून माणूस कमी न् भांडे जास्त ऐकू येते,” असे बाबांचे म्हणणे आहे. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे या विषयावरचे जे हाती लागले ते वाचून काढले. अशा कानांतून आधी स, त, क, फ अशी बारीक अक्षरे जातात. मागे उरतो तो नुसता घुमारा. डॉक्टरांनी हेही सांगितले होते, की उरले आहे तेही हळूहळू कमीच होणार.

अशा वेळी कॅसेट सापडली.

बाबा मूळचे आरमोरीकडच्या एका खेड्यातले. तिकडे धान घरात आले की गावोगाव नाटके होतात. बाबांच्या वस्तीचेही एक मंडळ होते, आणि खाणीत लागल्यावरसुद्धा बाबा दरवर्षी रजा टाकून नाटकाला जात. भूमिका ठरलेली, मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. ज्यांच्या वडिलांना गावच्या मालगुजाराच्या दारावरून चपला हातात घेऊन जावे लागे, ते बाबा मंडपात फेटा बांधून मालगुजार होत, आणि खरा मालगुजार समोर खुर्चीत बसून टाळ्या वाजवी. त्याने वाजवू नयेत असे त्याला कधी वाटले नाही, याचे मला आजही नवल वाटते. तिसऱ्या अंकात मालगुजाराचे तीन पानी भाषण होते. ते मी कधी ऐकले नाही, मला दुसऱ्याच अंकात झोप लागे. बाबांनीही ऐकले नव्हते, कारण बोलणारा ऐकत नसतो.

त्याच भाषणाची कॅसेट गावातल्या चुलत्याच्या पेटीत निघाली. एका फोटो स्टुडिओने ती पेनड्राइव्हवर करून दिली. मी ती टीव्हीला लावली. बाबा खाटेवरून उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

“काईच येऊन नाई राह्यलं,” ते म्हणाले. जरा वेळाने, त्यांच्या मानाने हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या, म्हणाले, “पुरे कान जाच्या आधी एकदा ऐकाचं होतं मले.”

मी पुण्याच्या धाकट्या भावाला फोन केला. तो संगणकात आहे, आणि संगणकातल्या लोकांना ध्वनीचेही सगळे कळते असा त्यांचा समज असतो.

“ताई, टीव्हीच्या स्पीकरमध्ये दमच नसतो. होम थिएटर घे. पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा. दोन समोर, एक मधे, दोन मागे.”

पाठोपाठ त्याने एक आकृती पाठवली. तीत चौकोनी खोलीच्या बरोबर मध्यभागी एक माणूस सोफ्यावर बसला होता आणि त्याच्या भोवती कोन आखले होते. त्या खोलीत खाट नव्हती, कूलर नव्हता, धान्याची कोठी नव्हती, वाळत घातलेले काही नव्हते. अशी खोली मी आजवर फक्त आकृतीतच पाहिली आहे.

पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी दुकानात गेले. विक्रेत्याने आधी माझ्या मागे पाहिले.

“सर गाडी लावून राह्यले का?”

“सर नाहीत. मला घ्यायचे आहे.”

त्याला वाईट वाटले असावे, पण त्याने सावरून घेतले आणि मला एका काळ्या खोलीत नेले. भिंती काळ्या, पडदे काळे, खुर्ची तेवढी लाल. दार लागले आणि माझ्या डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेले. मग काचा फुटल्या, इमारत पडली, पुन्हा हेलिकॉप्टर आले.

“पाहा मॅडम, डोक्यावरून गेलं का नाई?”

“गेलं. त्यात बसलेला माणूस काय म्हणाला?”

“तो?” विक्रेता विचारात पडला. “ते एवढं इम्पॉर्टंट नाई मॅडम. फील घ्या तुम्ही.”

“मला माणसाचे बोलणे ऐकायचे आहे. वडिलांना कमी ऐकू येते.”

“बोलणं ऐकासाठी कोणी होम थिएटर घेते का, मॅडम?” तो खरोखर कळवळून म्हणाला. “बोलणं तर घरी फुकट होऊन राह्यलं असते.”

मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्याने दहा सेकंद खरखर ऐकली, कडू औषध घेतल्यासारखे तोंड केले आणि पुन्हा हेलिकॉप्टर लावले.

मला तेव्हा जो संताप आला तो त्या बिचाऱ्यावर नव्हता. माणसाची सगळी हुशारी, सगळे कारखाने, सगळ्या काळ्या खोल्या हेलिकॉप्टर डोक्यावरून नेण्यासाठी खपतात आणि एका म्हाताऱ्याला एक वाक्य स्वच्छ ऐकवायचे म्हटले की ते ‘एवढं इम्पॉर्टंट नाई’. शिवाय ज्याने तीस वर्षे रोज खराखुरा स्फोट ऐकला, त्याला आता घरात बसून विकतचा स्फोट ऐकवायचा! हे कोणाच्याच डोक्यात येत नाही, कारण कोणाचेच डोके स्फोटाजवळ नसते.

एवढे मात्र मी वाचून गेले होते, की सिनेमातले बोलणे मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येते. मी तेवढाच मागितला. तो सुटा मिळत नाही. ज्याला माणसाचे बोलणे हवे त्याने बाकीची फौज सोबत नेलीच पाहिजे. नेली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा फिटर आला. त्याने खोली पाहिली. मागच्या भिंतीत खिडकी, खिडकीत कूलर, कूलरखाली बाबांची खाट. समोर टीव्ही आणि त्याच्यावर वंदनेच्या दोन तसबिरी.

“काकाजी, दोन मागं लावाले सांगते कंपनी, पटते का?” फिटर बाबांच्या कानाशी ओरडला.

“मागं काऊन? मागं लावले तर येणाऱ्या माणसाले दिसन कसे?”

“तेच तं म्हणून राह्यलो मी!”

“अहो, ते मागून आवाज येण्यासाठीच असतात,” मी म्हणाले.

फिटरने माझ्याकडे दयेने पाहिले. “मागून आवाज आला तर माणूस मागं पाहीन न मॅडम. टीव्ही तं समोर आहे.”

आमच्याकडे विकत घेतलेली वस्तू दाखवायची असते. लपवायची असेल तर घ्यायची कशाला? तासाभरात पाचही स्पीकर समोरच्या भिंतीवर ओळीने लागले, तसबिरींच्या खाली, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेतली मुले बसतात तसे. मधोमध मधला. बेसच्या डब्याला टीव्हीशेजारी जागा मिळाली. भावाने व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि तो किंचाळला.

“ताई, हे सराउंड नाही, ही वरात आहे!”

बाबांना काही ऐकू आले नाही. त्यांनी फोनकडे पाहून हात केला आणि एकेक स्पीकर बोटाने दाखवला.

खरा घात तिसऱ्या दिवशी झाला. मी ग्रंथालयातून परत आले तर पाचही स्पीकर आणि बेसचा डबा तपकिरी रेक्झिनच्या कव्हरात. मोटारसायकलच्या सीटला कव्हर शिवणाऱ्याकडून बाबांनी मापाने शिवून आणले होते. कडेला पांढरी किनार होती.

यात त्यांचा दोष मी काढू शकत नाही. घुग्घुसच्या आमच्या क्वार्टरमध्ये जे झाकले नाही ते काळे झाले. फ्रिज, मिक्सर, रेडिओ, लग्नाचा अल्बम, सगळ्यांना अंगरखे असत. टीव्हीचा रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीतच आला, पिशवीतच वापरला आणि पिशवीतच बंद पडला. कोळशाच्या धुळीत संसार केलेल्या माणसाच्या हाती जाळीच्या तोंडाची नवी वस्तू पडली, तर तो दुसरे काय करणार?

“बाबा, वाजताना तरी कव्हर काढू.”

“वाजताना तं जास्त ओढते धूळ.”

“आवाज अडतो ना पण! तोंडावर रेक्झिन बांधून तुम्ही भाषण केले असते का?”

“नकली मिशी लावून केलं,” बाबा म्हणाले. “तीबी तोंडावरच होती.”

कूलर बंद करून आम्ही कॅसेट लावली. चंद्रपुरात मे महिन्यात कूलर बंद करणे ही साधी गोष्ट नव्हे, त्याला कारण द्यावे लागते. रेक्झिनच्या आतून ढुप, ढुप, आणि मधूनच कोणी विहिरीत बोलल्यासारखे. बाबा दहा मिनिटे मान वाकडी करून बसले. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला तरी पुसला नाही.

“बंद कर,” ते म्हणाले. “मशीन चांगली आहे. माहेच कान गेले पुरे.”

त्यानंतर त्यांनी भाषणाचे नाव काढले नाही. घरी कोणी आले की मला हेलिकॉप्टर लावायला सांगत, ते रेक्झिनमधूनही जाई, आणि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघून हसत. मला हे सहन होईना. खाणीतल्या त्या डॉक्टरसमोर कान असल्याचे या माणसाने कबूल केले, आता गेल्याचेही कबूल करतो आहे, आणि दोन्ही वेळा चूक दुसऱ्याची. पहिल्या वेळी मी शाळेत होते. या वेळी घरात भाजीची सुरी होती.

बाबा दुपारी विहारात बैठकीला गेले तेव्हा मी मधल्या स्पीकरचे कव्हर पुढून कापले. बाकीच्यांची तशीच ठेवली. उगाच कोणाच्या मेहनतीवर सुरी कशाला चालवायची! मग स्पीकर भिंतीवरून उतरवून बाबांच्या उशाशी स्टुलावर ठेवला. वायर कशीबशी पुरली.

बाबा आले. त्यांनी कव्हर उचलून पाहिले.

“हे कोणं फाडलं?”

“मी.”

“शिवणाऱ्याले काय सांगू आता?”

“उंदीर सांगा. तुम्ही आधी बसा इथे.”

मी कूलर बंद केला, खिडकी लावली, सुरू केले. भिंतीवरचे चार गप्प होते. एका माइकवर घेतलेला आवाज मधल्या स्पीकरमधूनच येतो, हे भावाने मागाहून समजावून सांगितले, जणू ते त्यानेच ठरवले होते. आधी खरखर. एक मूल रडले. कोणीतरी दीर्घ खोकला काढला. आणि मग अगदी जवळून, स्वच्छ, भराभर, रेशनची यादी वाचावी तशा सपाट सुरात एक आवाज आला: “ऐका रे नादारांनो, या शिवारातलं पाणीसुद्धा माझ्या हुकमाने वाहते.” त्याच्या मागून, लांब मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून यावे तसे काहीतरी गरजले. त्यातला ‘पाणी’ एवढा शब्द लागला.

बाबा स्पीकरवर तळवा टेकून वाकले होते. त्यांचे तोंड उघडे राहिले.

“हा तं मास्तर होय,” ते म्हणाले.

गावच्या शाळेचे मास्तर नाटकाची वही घेऊन पडद्याआड बसत आणि नटांना वाक्ये पुरवत. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. विजेचे बटण त्यांच्या बाजूला असल्यामुळे टेपरेकॉर्डर त्यांच्याच गुडघ्याशी ठेवला होता, हे बाबांना आता आठवले. आजवर कोणाला आठवायची गरज पडली नव्हती.

“एकेक अक्षर येऊन राह्यलं,” बाबा म्हणाले. “पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावले. दोघेही घामाने निथळत होतो. तिसऱ्या वेळी बाबा मास्तरांच्या मागोमाग वाक्ये म्हणू लागले, पूर्ण आवाजात, गल्लीला पोचतील अशी.

“बाबा, तुमचा आवाज मागे आहे जरा,” मी भीत भीत म्हणाले.

“मागंच राहीन न. मास्तरनं सांगतल्याबिगर मी काई बोललो का कधी?”

आता रोज दुपारी आमचा कूलर बंद होतो आणि भाषण लागते. इतक्यांदा ऐकल्यावर मी एकदा वही घेऊन बसले आणि मोजले. तीन पानांच्या त्या भाषणात बाबांचे अकरा शब्द स्पष्ट ऐकू येतात. त्यांतले चार चुकलेले आहेत.