भाऊंच्या कुंडीतला कोंब

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. भाऊंचा मुलगा योगेश एवढंच म्हणाला, "फुई, आबा ग्यात." हातातलं भांडं रिकामं होईपर्यंत मी पाणी घालतच राहिले. तशी कल्पना सगळ्यांनाच होती. मूत्रपिंडं निकामी, जळगावला डायलिसिसच्या फेऱ्या, त्यात भाऊंचा हट्टी स्वभाव... तरी माणूस जातो तेव्हा अचानकच जातो.

भाऊ माझे थोरले. चोपड्याजवळ तापीकाठी त्यांची केळी. उभा जन्म केळीत गेला आणि जगातल्या यच्चयावत गोष्टी त्यांना केळीवरूनच समजत. केळ निसवेपर्यंत, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत, खोडाशी उगवणारं प्रत्येक पील ते विळ्याने उडवत. पिलांनी आईचं अन्न खाल्लं तर घड भरत नाही, हा त्यांचा धर्म. माझं लग्न लांबलं तेव्हाही त्यांनी आईला केळीचाच दाखला दिला होता, ते मी अजून विसरलेले नाही. वहिनींना मात्र ऑर्किडचं वेड. नाशिकच्या एका प्रदर्शनातून आणलेलं जांभळ्या फुलांचं झाड त्यांनी ओट्यावर शेडनेटच्या सावलीत इतकं जपलं की ते कुंडीत मावेना. मग त्यांनी ते सोडवलं, चार-चार कांड्यांचे दोन भाग केले आणि एक मला दिला. एकेकटी कांडी तोडू नये, तिच्यात पुढचं पोसायची ताकद नसते, हे त्यांनीच मला शिकवलं. वर बजावलं, की लगेच पाणी घालू नकोस, थोडं रुसू दे त्याला.

वहिनी गेल्यावर त्यांच्या कुंडीला भाऊंनी कुणालाच हात लावू दिला नाही. योगेश लांबूनच बघायचा. फूल मात्र पुन्हा आलं नाही. कांड्या सुरकुतत गेल्या. मी विचारलं की भाऊ म्हणत, उन्हाळा बाधला. मीही मान डोलवायची. आमच्याकडच्या उन्हावर काय खपत नाही!

गेल्या हिवाळ्यात तपासण्यांसाठी ते धुळ्याला माझ्याकडे उतरले. माझं झाड ऐन फुलात होतं. भाऊ खुर्ची ओढून कुंडीत वाकून बघत बसले. सुरकुतलेल्या एका जुन्या कांडीच्या बुडाशी हिरवा कोंब होता. हे पील अजून का ठेवलंस, असं त्यांनी मला रागावूनच विचारलं. तेव्हा मी त्यांना समजावलं, की हेच तर पुढचं झाड. जुनी कांडी फुलून गेली की तिच्या बुडाचा डोळा जागा होतो. ती स्वतः आटते आणि ह्याची मुळं सुटेपर्यंत ह्याला पोसते. पुढची फुलं बहुतेक ह्याच्यावरच. झाड तोडून लावल्यावर तर हा डोळा फुटतो का, एवढंच बघत बसायचं असतं... भाऊंनी त्या कोंबावरून हलकेच बोट फिरवलं. वहिनींच्या झाडाचा भार आपण हलका करतोय, असं समजून त्यांनी आजवर एकही कोंब वाढू दिला नव्हता.

"मी दर साल हाईच कापत ऱ्हायनू, बाई. तिन्हं झाड मीच मारं." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पोऱ्याले सांगू नको."

मी तो शब्द पाळला. फाल्गुनात चोपड्याला जाऊन मी ती कुंडी फोडली. कुजलेलं काढून टाकल्यावर जेमतेम चार कांड्या हाती आल्या, पान एकीलाही नाही. कोळसा आणि नारळाच्या शेंड्या घालून त्या नव्या कुंडीत एकत्र बसवल्या. भाऊ खाटेवरून बघत होते. पुढे डायलिसिसहून आले की ते आधी कुंडी जवळ मागायचे. पाणी त्यांनाही बेताचं, कुंडीलाही बेताचं... मला ते बघवत नसे. वैशाखात शेवटची भेट झाली. पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. त्यांनी खुणेनेच मला खाली वाकायला लावलं. एका कांडीच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डोळा सुजून आला होता. "देख," म्हणाले, "कोंब उना." भाऊंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वहिनींच्या वेळीही ते रडले नव्हते.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर योगेश मला ओट्यावर घेऊन गेला. वडलांच्या मागे त्यांची कुंडी आपण नीट सांभाळतोय, हे त्याला मला दाखवायचं होतं.

"फुई, तठे पील फुटेल व्हतं. मी काढी टाकं. आबा करेत तसंच."

काप अगदी स्वच्छ होता, भाऊंच्या हातचा वाटावा असा. बोटभर वाढलेला कोंब कुंडीशेजारी सुकून पडला होता. त्या कांड्यांत उरलासुरला जो जीव होता तो सगळा त्यात गेला होता. एखादा डोळा अजून झोपलेला असेलही, पण त्याला आता पोसणार कोण? मला भाऊंचा राग आला, गेलेल्या माणसाचा. एक शब्द मुलाजवळ बोलले असते तर... आणि आता मी बोलले असते, तर ते ह्या पोराला जन्मभर पुरलं असतं.

"बेस करं," मी म्हटलं.

फूल कधी येईल, असं त्याने विचारलं. येईल सावकाश, म्हटलं. मग ओट्यावर ऊन सरकलं म्हणून त्याने ती कुंडी दोन्ही हातांनी जपून उचलली आणि आत भिंतीशी नेऊन ठेवली.