फिनिक्स दाखवणारी सुवर्णा

सुवर्णा मूळची नागपूरची. नवऱ्याला, रवींद्रला, अमेरिकेत फिनिक्समध्ये नोकरी लागली तेव्हा सासरचे हसून म्हणाले होते, "उन्हाची काळजी नको, तिला सवय आहे." उन्हाचा तिला खरंच त्रास झाला नाही. पण तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, रवींद्र ऑफिसातून अंधार पडल्यावरच परतायचा, आणि रस्त्यावर चालणारं माणूस म्हणून दिसायचं नाही.

हिवाळ्यात मात्र घर भरायचं. उत्तरेकडच्या बेलव्ह्यूच्या पावसाला नाहीतर ट्रॉयच्या बर्फाला कंटाळलेले मित्र ग्रँड कॅन्यनला जाता जाता त्यांच्याकडे मुक्काम करायचे. रवींद्रला सुट्टी नसायची, मग सुवर्णाच गाडी काढायची. सकाळी पापागो पार्कमधला आरपार भोक असलेला खडक, नंतर बोटॅनिकल गार्डनमधले घराएवढे उंच निवडुंग, दुपारी स्कॉट्सडेलच्या जुन्या बाजारात फिरोज्याचे दागिने, संध्याकाळी साउथ माउंटनवरचा सूर्यास्त. सगळ्यांचे फोटो तीच काढायची. पाहुणे गेले की चादरी मशीनला लावायची, आणि घर पुन्हा गप्प व्हायचं.

२००५ च्या मार्चमध्ये ट्रॉयहून नंदू आणि शरयू येणार होते. त्यांना हॉट एअर बलूनमध्ये बसायचं होतं, म्हणून सुवर्णानं बुकिंग करून ठेवलं. आदल्या संध्याकाळी शरयूचा फोन आला, "सॉरी गं, आमच्या अनिकाला ताप आहे. ट्रिप कॅन्सल केली."

"तू जा ना एकटी," लॅपटॉपमधून मान वर न करता रवींद्र म्हणाला. "मला सॉफ्टवेअरचं रिलीज आहे यार."

ती गेली. बलूनच्या बास्केटमध्ये एक म्हातारी अमेरिकन बाई सोडली तर सगळी जोडपीच होती. हवा तापवणारा बर्नर बंद झाला की वर इतकं शांत व्हायचं की खालच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू यायचं. खाली एकसारखी कौलं, मागच्या अंगणात निळे पोहण्याचे तलाव, आणि एकाही तलावात कुणी नाही.

"भीती वाटतेय का?" त्या बाईनं इंग्रजीत विचारलं. तेव्हा सुवर्णाच्या लक्षात आलं, आपण रडतोय.

"नाही," ती म्हणाली. "खाली माझं असं कुणीच नाही."

बाईनं समजूत घातली नाही. नुसता तिचा हात धरला आणि बलून वाळवंटात टेकेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर सुवर्णा म्हणाली, "रविवारी आपण साउथ माउंटनला जाऊ."

"तू किती वेळा बघितलंयस ते!"

"तू एकदाही नाही."

रवींद्र आला. पण वर पोचताच त्याचा फोन वाजला आणि तो काचा वर करून गाडीतच बोलत बसला. सुवर्णा दगडी कठड्यापाशी उभी राहिली. कुणा टुरिस्टनं समोरच्या डोंगराचं नाव विचारलं. "कॅमलबॅक," तिनं सांगितलं, "बसलेल्या उंटासारखा दिसतो ना, म्हणून." माणसं पांगली. शहरभर दिवे लागले तेव्हा रवींद्र बाहेर आला.

"सॉरी. सूर्यास्त झाला?"

"झाला."

तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सुवर्णा, तू दिवसभर काय करतेस गं?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. मध्येच त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो वाजू दिला, उचलला नाही. पण त्याचं लक्ष उडालंय, हे तिला कळलं. तरीही ती बोलत राहिली.