विहिरीच्या खाचा

दुष्काळात काकांनी रेणापूरजवळच्या आमच्या गावची विहीर सुरुंग लावून आणखी खोल केली. जुन्या पायऱ्या संपत तिथून खाली दगडात नुसत्या खाचा होत्या. घागरी हिंदकळून खाचा कायम ओल्या राहत. कॉलेजच्या सुट्टीत मी पाण्याला उतरले, पाय घसरला आणि तळाच्या पाण्यात गेले. काकांनी उडी मारून मला काढलं.

छातीत पाणी गेलं होतं, ताप उतरेना. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालेलं. तिथल्या दवाखान्यात मी पडून होते, आणि भेटायला येणारे आईला हळूच विचारत, "पोरीच्या मनाला काय लागलं होतं?"

मी मुळात अबोल. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गावात आणखीच गप्प. तोच पुरावा ठरला.

"गप बसणाऱ्या पोरीच असं करतेत," काकू म्हणाली.

आदल्या उन्हाळ्यात शेजारचा मुलगा त्याच विहिरीत पडला होता. त्याला कुणी मनाचं विचारलं नव्हतं. मुलगा होता, त्यामुळे त्याचा पाय घसरला होता.

काकांनी ठरवून टाकलं. नांदेडचं कॉलेज बंद, हॉस्टेल बंद. "लांब ठेवून जिवाला घोर नको. स्थळ बघू."

"काका, मी घसरले."

"हाव, हाव. पडून ऱ्हा तू."

बरी झाल्यावर मी गावी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चला, जागा दाखवते." आई रडवेली झाली. काकांनी मला हाताने मागे सारलं. "तू वर थांब. मी बघतो."

शेवटच्या पायरीवर ते थांबले. चपला काढून बाजूला ठेवल्या, वरून दोर मागितला.

"चपला कशाला काढल्या, काका?"

"शेवाळ हाय की खाली," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघतच राहिले.

मी नजर खाली घातली नाही. काकूने पदर तोंडाला लावला.

"लई वकिली करायली ही," वर येत काका म्हणाले. "सोडा हिला नांदेडला."

हॉस्टेलमध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. रेक्टरबाईंनी खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि मायेनं विचारलं, "घरी काही प्रॉब्लेम आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले. "विहिरीला खालपर्यंत पायऱ्या नाहीत."