भुलीच्या यंत्राची निखळलेली नळी

गुढीपाडव्याला सुनेने गोड बातमी दिली आणि त्याच सकाळी माझ्या पत्नीने आदेश काढला: तिसरा महिना सरेपर्यंत घराबाहेर अवाक्षर काढायचे नाही. अक्षय्य तृतीयेला जेवताना सून सहज बोलून गेली की, तिच्या रुग्णालयातील भुलीच्या यंत्राची नळी बरेच दिवस निखळलेली आहे. जबाबदार असामी: नळी तशीच ठेवणारे व्यवस्थापक, आदेश काढणारी माझी पत्नी, आणि हे ऐकूनही आमरसाची वाटी पुढे करणारे आमचे चिरंजीव.

सून मुलुंडच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मदतीला असणारी परिचारिका. रुग्णाच्या श्वासाबरोबर परतणारा भुलीचा वायू ज्या नळीने बाहेर जावा, तीच सुटल्याने तो खोलीत पसरत होता.

"गर्भवतीने तो रोज हुंगला तर?" मी विचारले.

"गर्भपाताचा धोका वाढू शकतो, बाबा. नळी नीट असली, की फारशी काळजी नसते."

"आणि तू तिथे सांगितले नाहीस?"

"आईंनी नको म्हटलं ना!"

मी उष्ट्या हातानेच तक्रार लिहायला कागद मागितला. पत्नी कडाडली, "लिहा! पोराचं बारसं व्हायच्या आत त्याची फाईल उघडा!"

सुनेला हसू आवरेना. "आई, उद्या मीच सांगते."

पत्नीने देवघराकडे पाहिले. "सांग गं बाई. रीत माझी, पण पोर तुझं."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाईंनी सुनेला आधी झापले, मग कवटाळले आणि लगेच बाह्यरुग्ण विभागात हलवले. तपासणीत बाळाचे ठोके उत्तम निघाले. चिरंजीवांनी ते मोबाइलवर ऐकवले. मी "पुन्हा लाव रे" म्हणत राहिलो. मुदत संपण्याआधीच पत्नीने स्वतःचा आदेश मोडून सोसायटीभर पेढे वाटले. घरात इतका कल्लोळ माजला, की माझा संताप बाल्कनीत नेऊन मला तो एकट्यानेच जपावा लागला.

कारण नळी बदललीच नाही; नंतर लावलेल्या चिकटपट्टीवर ती आजही कशीबशी तगून आहे. सुनेच्या जागी आता दुसरी मुलगी उभी असते, आणि तिच्याही घरी न सांगण्याची रीत असू शकते. बाईने आधी गुपित फोडावे आणि मगच तिला शुद्ध हवा मिळावी, हा क्रम मला मुळातच अमान्य आहे.

सबब, व्यवस्थापकांनी रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर, स्वतःच्या सहीनिशी, उत्तर लावावे: नळी कधी बदलणार, आणि तोवर ते यंत्र कोणाच्या परवानगीने चालू आहे?