राखणीची बोट

करंजाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका सोबत असताना आजवर कोणाचंही वाकडं झालेलं नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. ती सोबत सहन करणं हा अर्थात वेगळा पराक्रम. काका मूळचे पावणे गावचे. एकाहत्तरच्या लढाईत ते नौदलाच्या एका एस्कॉर्ट बोटीवर टेहळणीला होते. तेलाची आणि सामानाची जहाजं सुखरूप पोचवायची, हे त्या बोटीचं काम. बोट केव्हाच मोडीत निघाली, काका मात्र अजून ड्यूटीवर आहेत. ते कोणाबरोबरही सरळ चालत नाहीत. जरा पुढे जातात, वळून मागे येतात, डावीकडून उजवीकडे होतात, कपाळावर हात धरून लांबवर बघतात. भाजी आणायला बरोबर निघालेल्या माणसाला वाटेत हेच काका चार वेळा भेटतात. शेजारच्या मुलीच्या लग्नात ते वरातीभोवती अशा काही घिरट्या घालत होते, की मुलाकडच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोणावर रागावलेत का?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या आईनं बाहेर जाणंच सोडलं होतं. आम्ही समजावून थकलो. एक दिवस काका दारात येऊन उभे राहिले. "वयनी, चला. मी हाय." आई म्हणाली, "मी फार हळू चालते हो." त्यावर काका म्हणाले, "सगल्यात सावकाश बोट जशी चालंल, तसा ताफा चालतो. त्यात लाज कसली?" आईला गेटपर्यंत जायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात काकांचं तिच्याभोवती मैलभर चालणं झालं. पाण्याचा एक टँकर त्यांनी हात वर करून थांबवला. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "काय झालं, काका?" "काय नाय. त्यांना जाऊ दे, मंग ये." त्या दिवसापासून आई रोज खाली उतरू लागली, आणि मी काकांवर हसणं बरंचसं कमी केलं.

यंदा सोसायटीच्या झेंडावंदनाला काकांना आपल्या बोटीची युद्धातली हकिकत वाचायची होती. फुलस्केपची अकरा पानं त्यांनी स्वतः लिहून काढली होती. "बोटीवरची मानसं आता उरली किती? एकदा लोकांनी तिचं नाव मानानं ऐकावं, बस," असं ते मला म्हणाले होते. सेक्रेटरींनी पाच मिनिटं दिली. पण त्या पानांत होतं काय, तर निघालो, पोचलो. धुकं होतं, पोचलो. इंजिन तापलं, तरी पोचलो. लोक चुळबुळू लागले. मागून कोणीतरी विचारलं, "काका, शत्रूच्या बोटी किती बुडवल्या ते सांगा ना."

काकांनी पान खाली केलं. "एकपन नाय."

हशा पिकला. त्या माणसाच्या डोक्यावर चहाची किटली ओतावी, असं मला मनापासून वाटलं. काका कागदांची घडी घालू लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई काठी टेकत उठली. "आणि तुमच्या सोबतीतल्या किती बुडाल्या हो, भाऊ?"

काका ताठ झाले. "एकपन नाय, वयनी."

मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. सेक्रेटरींनी स्वतः माइक काकांच्या तोंडाशी धरला आणि ते म्हणाले, "पहिल्यापासून वाचा." अकराच्या अकरा पानं झाली, चहा थंड झाला, पण कोणी उठलं नाही. दर वेळी काका "निघालो" म्हणाले, की सगळी सोसायटी एका आवाजात "पोचलो" म्हणायची. सगळ्यात मोठा आवाज मागच्या त्या माणसाचा होता.

कार्यक्रम संपल्यावर काका आईला दारापर्यंत सोडायला आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पन्नास वर्सं उत्तर तयार होतं, वयनी," ते म्हणाले. "विचारलं कोनीच नाय." आईनं आत बोलावलं, तर नको म्हणाले आणि सावकाश जिना उतरून गेले. मी इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहते आहे, त्यांच्या लढाईच्या गोष्टी शंभरदा ऐकल्या आहेत. तो प्रश्न मलाही कधी सुचला नव्हता.