ऑस्ट्रेलियाला दिलेला मामांचा नंबर

फोटोतला कोट माझा नव्हता. जळगावात आमच्या घराजवळच्या स्टुडिओत एक काळा कोट खुंटीला कायम टांगलेला असतो. तो सगळ्यांना होतो आणि कोणालाच बसत नाही. तो चढवून, निळ्या पडद्यापुढे श्वास रोखून काढलेला फोटो मी रेझ्युमेच्या कोपऱ्यात लावला. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंची, विवाहित असल्याची कबुली. तळाशी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा, ठिकाण जळगाव आणि झोकदार सही. बायकोने वाचून विचारलं, “अहो, नोकरी मागताय की दुसरं लग्न जमवताय?”

तेव्हा मी हसलो. शेतात ठिबकच्या नळ्या बसवून देणाऱ्या ज्या छोट्या कंपनीत मी नोकरीला होतो ती बंद पडली होती, आणि परदेशात जिथे जिथे शेतीला पाणी देतात तिथे तिथे मी मॅनेजरच्या जागेसाठी हा कागद धाडत होतो. बहुतेकांनी पोच देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. उत्तर एकाच कंपनीचं आलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे केळीच्या बागा आहेत म्हणे, त्यांना ठिबक करून देणारी ती कंपनी. तिथल्या मॅनेजर बाई व्हिडिओवर माझ्याशी बोलल्या आणि बोलताना दोनदा “गुड” म्हणाल्या. दोन ‘गुड’ म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने साखरपुडाच. मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, “झालं!” गल्लीत पेढे वाटले. आणि माझ्या त्या एका शब्दावर बायकोने शाळेतल्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकला.

त्यानंतर बाईंचा मेल आला. तुम्ही दिलेल्या रेफरन्सला उद्या सकाळी फोन करू, मग निर्णय कळवू.

म्हणजे निर्णय अजून व्हायचाच होता! राजीनामा मात्र होऊन बसला होता.

मेलबर्नला असलेल्या कॉलेजच्या मित्राला मी संध्याकाळी सहज म्हणून रेझ्युमे पाठवला. त्याचा लगेच फोन. “फोटो कशाला लावलास? बापाचं नाव कशाला? इथे हे कोणी विचारत नाही, उलट अडचण होते त्यांची. बरं, रेफरन्समधले हे माजी मुख्याध्यापक, धुळे, कोण?”

“मामा.”

“तुझे सख्खे मामा?”

“माणूस मोठा आहे रे. धुळ्यात कोणालाही विचार.”

“अरे येड्या, रेफरन्स म्हणजे ज्याच्या हाताखाली तू काम केलंस तो! आणि त्याला आधी विचारायचं असतं. विचारलंस का मामांना?”

मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडे ओळख द्यायची म्हणजे वजनदार माणसाची द्यायची, एवढंच मला ठाऊक. मी घाईघाईने मामांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मामांचा मोबाइल देवघराशेजारी चार्जिंगला असतो आणि मामा अंगणात असतात, हा त्यांच्या घरचा रिवाज.

उजाडायच्या आत मी मोटारसायकल काढली. बायको दारात उभी होती. तिने हेल्मेट हातात दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

जळगाव ते धुळे रस्ता मी शेकडो वेळा केला असेन, पण तो इतका लांब कधी नव्हता. पारोळ्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. मी गाडी कडेच्या मातीत घातली, घसरलो, उठलो. तिकडे ऑस्ट्रेलियात सूर्य आपल्या कितीतरी आधी उगवतो. बाई एव्हाना टेबलाशी बसल्या असतील, मामांचा फोन देवघरात वाजत असेल, आणि देव काही फोन उचलणार नाहीत.

मामा अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. माझी मातीने भरलेली पँट बघून अहिराणीत म्हणाले, “काय व्हयनं रे भाऊ? इतला काबरं घाबरस?”

“मामा, तुम्हाला ऑस्ट्रेलियातून फोन येणार आहे.”

“मला? मी काय उद्योग केला तिथे?”

मी सगळं सांगितलं. मामांनी चष्मा लावला, रेझ्युमे हातात घेतला आणि खुर्चीत बसले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. कागद वाचायला लागला की समोरच्याचा विद्यार्थी होतो.

“चाळीस माणसांच्या टीमचं नेतृत्व,” त्यांनी मोठ्याने वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हाई बठ्ठं खरं शे का?”

“मामा, सगळेच थोडं वाढवून लिहितात.”

“थोडं? माझ्या शेतात ठिबक बसवायला आला होतास तेव्हा चार जण होते.”

“तुम्ही फक्त चांगलं सांगा. विचारतील त्याला हो म्हणा.”

मामा हसले, आणि मला घाम फुटला. सोयरीक जुळवताना मुलाची चौकशी करायला अर्धा जिल्हा मामांकडे येतो. का येतो, हे मला त्या क्षणी आठवलं.

“मी कोणाचं नुसतं कौतुक सांगत नाही,” मामा म्हणाले. “एक खोड सांगायचीच. ती सांगितली की बाकीचं लोक खरं मानतात.”

“मामा, पाया पडतो. आज नको.”

आतून मामींनी हाक मारली, “अहो, फोन वाजतोय! नंबर भलताच लांबलचक दिसतोय.”

मामांनी फोन स्पीकरवर ठेवला. बाईंचा आवाज शांत होता. उमेदवाराला आपण किती वर्षं ओळखता? मामा म्हणाले, “जन्मापासून. मी त्याचा मामा.” मी डोळे मिटले. मग बाईंनी विचारलं, त्यांचं काम आपण पाहिलंय का?

“पाहिलंय. माझ्याच शेतात.”

“चाळीस जणांची टीम ते सांभाळायचे?”

मी दोन्ही हातांची दहा बोटं चार वेळा उघडून मिटून दाखवली. मामांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि स्वच्छ शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, “नाही मॅडम. चार. तो मोठं करून सांगतो. ही एक खोड आहे त्याला. लहानपणी साप दिसला की अजगर सांगायचा.”

मामींना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला. त्यांनी मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मला दिसत होती ती बायको, शाळेच्या फाटकाबाहेर उभी.

“आणि काम कसं आहे?” बाईंनी विचारलं.

“पहिल्या वेळी वाईट. पाण्याची गाळणी त्याने उलटी बसवली. विहिरीचा गाळ नळ्यांत गेला, अर्धी केळी कोरडी राहिली. मी एकदाही ओरडलो नाही. पण नंतर दर रविवारी तो जळगावहून यायचा आणि एकेक नळी उघडून धुवायचा. एकही सोडली नाही. तेव्हापासून आजपर्यंत पाणी अडलेलं नाही.”

“ती चूक त्यांना आपणहून कळली का?”

“ते त्यालाच विचारा की. इथेच बसलाय.”

आणि मामांनी फोन माझ्या हातात दिला.

रेफरन्सच्या फोनवर उमेदवार स्वतः हजर! अशी फजिती करून घेणारा त्या कंपनीच्या इतिहासात मी एकटाच असेन. माझ्या तोंडून आधी “सॉरी” निघालं, मग पुन्हा “सॉरी.” बाई म्हणाल्या, “गाळणीचं सांगा.” मी सांगितलं. गाळणीवर पाण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मी घाईत बघितलाच नाही. नळ्यांच्या टोकाची बुचं उघडल्यावर गढूळ पाणी आलं तेव्हा कळलं. हे सांगताना मला वाढवायला काही सुचेना. त्या बोलण्यात बाई एकदाही “गुड” म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मॅनेजरच्या जागेसाठी तुमचा विचार होणार नाही. तुमच्या मामांनी सांगितलेला रेझ्युमे आज पाठवा. मग बघू.”

मामांच्याच टेबलावर तो लिहिला. कोट गेला, वडील गेले, उंची गेली, प्रतिज्ञा गेली. एका पानात मावलो. रेफरन्समध्ये जुन्या साहेबांना, या वेळी विचारून, टाकलं. मामा शेजारी बसून होते.

“माणसं किती लिहिली?”

“चार.”

“तुमच्या कंपनीचा तो वॉचमन धरून? मनात आलं तर नळी उचलायचा तो?”

“धरून.”

“मग तीन लिही.”

तीन लिहिले.

पुढचे दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. गल्लीतले लोक विचारायचे, “कधी निघणार?” मी, आयुष्यात पहिल्यांदा, “अजून नक्की नाही” म्हणायचो. बायको रोज सकाळी शाळेच्या वेळेला तयार व्हायची आणि मग साडीचा पदर खोचून भाजी निवडायला बसायची. तिच्याकडे बघायला नको म्हणून मी बाहेर जायचो, आणि मेल येईल म्हणून परत यायचो.

मेल आला तेव्हा ती समोरच होती. टेक्निशियनची जागा, सुरुवातीला काही महिने प्रोबेशनवर. मी तळापर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून तळापर्यंत.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“नक्की?”

मी फोन तिच्या हातात दिला. तिने वाचला, सावकाश, शब्दाखाली बोट ठेवून. तरीही तिने नंबर लावला तो धुळ्याला. “मामा,” ती म्हणाली, “हे म्हणतायत झालं. तुम्ही जरा वाचून सांगता का?”